बियाणं मोकळं, पेपर कुलपात

तुरीचं रोप दोन पानांचं झालं की त्याला स्टेपलर मारायचा. ऑफिसात कागद जोडायला वापरतात, तोच. वांझ रोग झालेल्या झाडाचं एक पान तोडून आणायचं, ते निरोगी रोपाच्या कोवळ्या पानावर दुमडून बसवायचं आणि पिन ठोकायची. तोडलेलं पान सुकायला लागलं की त्यावरचे कोळी ताज्या पानावर सरकतात. हे कोळी इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. तेच रोगाचा विषाणू सोबत घेऊन येतात. नंतरच्या काही आठवड्यांत बहुतेक रोपं फिकी, झुडपी होतात. झाड हिरवंगार दिसतं, पण त्याला ना फूल लागतं ना शेंग. ज्या मोजक्या रोपांना एवढं करूनही काही होत नाही, ती पैदासकाराच्या कामाची.

तुरीवर काम करणाऱ्या केंद्रांत ही युक्ती आता घरचीच झाली आहे. हैदराबादजवळच्या पटांचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत यशवंत लक्ष्मण नेने आणि एम. व्ही. रेड्डी यांनी ती बसवली. भाताचा 'खैरा' हा रोग नसून जस्ताची कमतरता आहे, हे दाखवणारे नेने ते हेच. स्टेपलरची ही पद्धत १९७६ साली छापून आली ती एका साध्या बुलेटिनमध्ये. नायजेरियातल्या इबादानची संशोधन संस्था ते काढत असे. त्यात ना झगमगीत मुखपृष्ठ होतं ना लाखांतली वर्गणी, पण पद्धत जिथे पोचायला हवी तिथे पोचली.

जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या बदनापूरला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे. मराठवाड्यात तूर पेरणाऱ्याला या गावाचं नाव वेगळं सांगावं लागत नाही, कारण बियाण्याच्या पिशवीवरच ते असतं. 'बीडीएन' म्हणजे बदनापूर. बीडीएन-७११ ही पांढरी तूर दीडशे-एकशे साठ दिवसांत हाती येते. परतीच्या पावसाने पाठ फिरवली तरी हलक्या-मध्यम रानात ती काहीतरी पदरात टाकते. बीडीएन-७१६ लाल आहे. बीएसएमआर-७३६ आणि बीएसएमआर-८५३ या जरा उशिरा येणाऱ्या, पण वांझ रोगाला दाद न देणाऱ्या जाती. अलीकडे 'गोदावरी'चं नाव शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. यातली प्रत्येक जात म्हणजे संकर, निवड, रोगाच्या प्लॉटातली परीक्षा आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या मिळून आठ-दहा वर्षांचं काम. पगार सरकारचा, जमीन सरकारची, आणि शेवटच्या चाचण्या बऱ्याचदा शेतकऱ्याच्याच बांधावर.

या केंद्रातून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक बियाणं, दुसरा शोधनिबंध, म्हणजे तिथल्या बोलीत 'पेपर'. निघतात दोन्ही एकाच प्लॉटातून, पण पुढचा प्रवास अगदी वेगळा.

बियाण्याचं आधी पाहू. सरकारी दराने ते विकत मिळतं, विद्यापीठाच्या खरीप मेळाव्यात त्यासाठी रांगा लागतात, आणि एकदा शेतात गेलं की ते शेतकऱ्याचं झालं. २००१ सालच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९व्या कलमाने तर हे कागदावरच आणलं. संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकरी राखून ठेवू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. बदनापूरची तूर गेवराईला, परतूरला, अगदी सीमेपलीकडे कर्नाटकातही गेली ती अशी. पाव्हण्याने पाव्हण्याला दोन पायली दिल्या, संपलं.

पेपरचं तसं नाही. शास्त्रज्ञाने चार हंगामांची आकडेवारी जमवली, तक्ते केले, इंग्रजीत मजकूर लिहिला आणि परदेशी नियतकालिकाकडे पाठवला. तिथले संपादक तो दोन-तीन परीक्षकांकडे पाठवतात. हे परीक्षकही कुठल्यातरी विद्यापीठातले पगारदार शास्त्रज्ञ असतात आणि परीक्षणाचं काम फुकट करतात. दुरुस्त्या होतात, पेपर स्वीकारला जातो. मग एक फॉर्म येतो. त्यावर सही केली की लेखाचा कॉपीराइट प्रकाशकाकडे जातो. आता तो पेपर वेबसाइटवर दिसतो, सारांश फुकट वाचता येतो, आणि त्याखाली एक चौकोन: पूर्ण लेखासाठी ३५ डॉलर, कधी ४०. कर वेगळा. म्हणजे तीन हजार रुपयांच्या घरात. २०२४-२५च्या हमीभावाने, क्विंटलला ७,५५० रुपये धरले, तर सुमारे ४० किलो तूर विकून तुरीवरचा एक लेख वाचायचा. आणि लेख उघडल्यावर कळतं, आपल्याला हवं होतं ते यात नाहीच.

लेखकाला यातला रुपयाही मिळत नाही. परीक्षकालाही नाही.

मग पैसा जातो कुठे? विज्ञानाची नियतकालिकं १६६५ पासून निघतात. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या हेन्री ओल्डेनबर्गने सुरू केलेलं पहिलं-वहिलं पत्र आजही चालू आहे. पुढची जवळपास तीनशे वर्षं हा बहुतांशी विद्वत्सभांचा, तोट्यात चालणारा उद्योग होता. यात पैसा आहे हे ज्याने फार लवकर ओळखलं तो रॉबर्ट मॅक्सवेल. १९५१ साली त्याने ब्रिटनमध्ये पर्गमॉन प्रेस ताब्यात घेतली आणि नियतकालिकांमागून नियतकालिकं काढली. त्याचं गणित सोपं होतं. एका नियतकालिकाला दुसरं पर्याय ठरू शकत नाही. गव्हाच्या तांबेऱ्यावरचा पेपर हवा असेल तर भातावरचा स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी तो घेत नाही. आणि वाचणारा शास्त्रज्ञ असला तरी बिल भरतं ग्रंथालय, त्यामुळे किंमत वाढली तरी वाचणाऱ्याला ती टोचत नाही. १९९१ मध्ये मॅक्सवेलने पर्गमॉन ४४ कोटी पौंडांना एल्सेव्हिअरला विकली. आज एल्सेव्हिअरची मालक असलेल्या रेलेक्स कंपनीचा वैज्ञानिक विभाग वर्षाला तीन अब्ज पौंडांहून जास्त कमावतो, आणि त्यातला नफा शंभराला सुमारे ३८ असतो. कच्चा माल फुकट, तपासणीस फुकट आणि गिऱ्हाईक सरकारी अनुदानावरचं. असा धंदा जगात दुसरा सापडणं कठीण. कॅनडातल्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये मोजणी केली, तेव्हा जगातले निम्म्याहून जास्त शोधनिबंध अवघ्या पाच प्रकाशकांकडून निघत असल्याचं दिसलं.

श्रीमंतांनाही हे जड जातं. २०१२ साली हार्वर्डने आपल्या प्राध्यापकांना कळवलं की नियतकालिकांवर वर्षाला साडेसदतीस लाख डॉलर जातात आणि हे असं चालणं शक्य नाही. हार्वर्डची ही कथा, तर परभणीची काय?

आता वांझ रोगाकडे परत येऊ, कारण या रोगाच्या इतिहासातच हा प्रश्न दडलेला आहे. बिहारमधल्या पुसा इथून या रोगाची पहिली नोंद १९३१ साली झाली. रोग नेमका कशाने होतो हे कळायला पुढची ७० वर्षं गेली. इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधली पीक संशोधन संस्था यांनी मिळून त्यामागचा विषाणू पकडला. सविस्तर निबंध २००३ मध्ये अमेरिकेतल्या वनस्पती रोगशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. रोग आपल्याकडचा, त्याने जाणारं पीक आपल्याकडचं, आणि त्याचं निदान अमेरिकेतल्या पत्रात. यात कुणाची चूक काढायची नाही. चांगल्या पत्रात छापून आल्याशिवाय शास्त्रज्ञाची दखल घेतली जात नाही, हे सगळीकडचंच आहे. शिवाय इक्रिसॅटने आपल्या शास्त्रज्ञांचे पेपर स्वतःच्या खुल्या भांडारात ठेवायला सुरुवात केली आणि वाट थोडी सोपी झाली.

उलटा प्रवासही झाला आहे. भारतीय वनस्पती रोगशास्त्र संस्था १९४७ पासून दिल्लीत आहे आणि 'इंडियन फायटोपॅथॉलॉजी' हे तिचं नियतकालिक. देशातल्या पिकांवरच्या रोगांची निम्मी कहाणी त्याच्या पानांत आहे. त्याचे अंक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएआरच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येत. २०१८ पासून ते स्प्रिंगरतर्फे निघू लागलं. छपाई सुधारली, जगभर नाव दिसू लागलं, पण लेखकाने वेगळे पैसे भरून लेख खुला केला नसेल तर वाचायला वर्गणी हवी. संस्थांच्या बाजूनेही पाहायला हवं. मानधनाशिवाय काम करणारे चार प्राध्यापक, संकेतस्थळ सांभाळायला माणूस नाही, परीक्षक मिळता मिळत नाहीत. एवढा मोठा प्रकाशक हात पुढे करतो तेव्हा नाही म्हणणं सोपं नसतं.

तालुक्याच्या गावातला माणूस मग पेपर मिळवतो तरी कसा? आधी गुगल स्कॉलरवर शोधतो आणि उजव्या बाजूला पीडीएफ दिसते का ते पाहतो. दिसली नाही तर रिसर्चगेटवर लेखकाला विनंती धाडतो. लेखकाला सरळ ई-मेल केली तर बहुतेक वेळा तो आनंदाने पेपर पाठवतो, कारण आपलं लिखाण कुणीतरी मागतंय याचंच त्याला अप्रूप असतं. आचार्य पदवीच्या विद्यार्थ्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात. तिथे कुणीतरी हव्या त्या लेखाचा डीओआय क्रमांक टाकतो आणि दिल्ली-बंगळूरला शिकणारा मित्र रात्री फाइल पाठवतो. आणि या सगळ्याच्या वर साय-हब.

कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यानने २०११ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केलं. प्रकाशकांच्या भिंतीआडचे कोट्यवधी लेख तिथे फुकट मिळू लागले. बेकायदा आहे, यात वादच नाही. पण ते वापरतं कोण? २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने साय-हबच्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. एकूण २ कोटी ८० लाख लेख उतरवून घेतलेले. त्यांत चीनमधून ४४ लाख, भारतातून ३४ लाख, इराणमधून २६ लाख मागण्या. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांतूनही मागण्या होत्या, म्हणजे ज्यांच्याकडे वर्गणी आहे तेही सोय म्हणून तिथेच जात. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. भारतीय शास्त्रज्ञांचे काही गट मध्यस्थ म्हणून उभे राहिले आणि आमच्या देशात संशोधन याशिवाय चालणार नाही असं त्यांनी सांगितलं. खटला रेंगाळला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने भारतात हे संकेतस्थळ बंद करायला सांगितलं.

तोवर सरकारने दुसरी वाट काढली होती. शेती संशोधनापुरती सोय २००७ पासून होती. आयसीएआरने 'सेरा' नावाचा संघ करून कृषी विद्यापीठांसाठी एकत्र वर्गणी भरली. ती भिंत किती उंच होती हे 'सेरा'आधी शिकलेल्यांना विचारावं. प्रबंधाचा संदर्भ-आढावा लिहायचा तर विद्यार्थी परभणीहून दिल्लीतल्या पुसा कृषी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात जात, मुक्काम करून झेरॉक्स काढत आणि गठ्ठे बांधून परत येत.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये; ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं; ६,३०० हून जास्त सरकारी शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था; फायदा १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांना. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र सगळं सांभाळतं. परभणीच्या विद्यापीठासारखी राज्याची विद्यापीठं यात येतात. हे मोठं पाऊल आहे, आणि उगाच नाक मुरडण्याचं कारण नाही. जर्मनीला, फ्रान्सला देशभराचा असा सौदा करायला वर्षानुवर्षं घासाघीस करावी लागली.

पण मूळ कल्पना याहून मोठी होती. डिसेंबर २०२० मध्ये विज्ञान धोरणाचा जो मसुदा आला, त्यात एका वर्गणीत देशातल्या 'प्रत्येक व्यक्तीला' वाचता येईल असं म्हटलं होतं. चार वर्षांत प्रत्येक व्यक्तीची जागा सरकारी संस्थेने घेतली. खासगी संस्था पुढच्या टप्प्यात आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांना त्यानंतर, असा आराखडा आहे.

बदनापूरच्या रस्त्यावर याचा अर्थ फार ठसठशीत दिसतो. कृषी विद्यापीठाचा विद्यार्थी मोबाइलवर लॉग-इन करून हवा तो पेपर उघडू शकतो. त्याच गावात शिक्षणसंस्थेच्या कॉलेजात बी.एस्सी. करणारी त्याची बहीण उघडू शकेलच असं नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशातली ७८ टक्क्यांहून जास्त महाविद्यालयं खासगी व्यवस्थापनाची आहेत. त्यांतली काही अनुदानित, बरीच विनाअनुदानित. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी सरकारी कॉलेज औषधालाही सापडत नाही. संस्था काढली ती गावातल्याच कुणीतरी. अशा कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही स्वस्त सोय २०१० पासून आहे. अनुदानित कॉलेजाला वर्षाला सहा हजारांच्या आत सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखो पुस्तकं मिळतात. हा सौदा वाईट नाही. फक्त मोठ्या प्रकाशकांची सगळी महत्त्वाची पत्रं त्यात नसतात, आणि कॉलेजातल्या किती जणांना लॉग-इन मिळालं आहे हे ग्रंथपालाच्या उत्साहावर ठरतं.

याशिवाय ज्यांच्या नावापुढे कुठली संस्थाच नाही असे लोक. कृषी पदविका घेऊन खता-औषधांचं दुकान चालवणारा तरुण. शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक. निवृत्त पैदासकार, ज्याचा स्वतःचाच पेपर त्याला आता दिसत नाही. गावात औषध फवारणीचा सल्ला प्रत्यक्षात देणारा माणूस बहुधा यांच्यातलाच असतो.

त्याच रस्त्यावर, बदनापूर तालुक्यात दावलवाडीला महिकोचं संशोधन केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ही कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कंपन्यांची कथा निराळी: त्यांना वर्गणी परवडते. त्यांच्याकडचं ज्ञान बाहेर येतं का, हा प्रश्न असतो. महिकोच्या बीटी वांग्यावरून हा प्रश्न देशभर गाजला. सुरक्षितता चाचण्यांची आकडेवारी माहितीच्या अधिकारात मागितली गेली, व्यापारी गुपित म्हणून नकार आला, प्रकरण केंद्रीय माहिती आयोगापुढे आणि न्यायालयांत गेलं, आणि २००८ मध्ये ही माहिती खुली करावी लागली. मग देशभरातल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ती वाचून बाजूने-विरोधात लिहिलं. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. स्थगिती बरोबर की चूक यावर आजही दोन तट आहेत. पण कागद बाहेर आले म्हणूनच हा वाद मुद्द्यावर झाला, हे दोन्ही तटांना मान्य व्हावं.

वाचण्याची भिंत पाडायचा दुसरा उपाय जगाने शोधला: वाचणाऱ्याऐवजी लिहिणाऱ्याकडून पैसे घ्या. १४ फेब्रुवारी २००२ रोजी बुडापेस्टमध्ये खुल्या प्रकाशनाचा जाहीरनामा निघाला, तेव्हा त्यामागे चांगली माणसं आणि चांगला हेतू होता. प्रकाशकांनी त्याचंही दुकान केलं. 'नेचर'ने २०२१ पासून लेख खुला करण्याचा दर ठेवला ९,५०० युरो, म्हणजे तेव्हाचे आठ लाखांहून जास्त रुपये. कृषी विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाचं काही महिन्यांचं वेतन एका लेखावर! 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत अशा प्रकाशनशुल्कासाठी वर्षाला दीडशे कोटी ठेवले आहेत. देशातून दरवर्षी लाखो पेपर निघतात, हे लक्षात घेतलं की त्यातून कितीसं भागणार हे कळतं. आधी भिंत वाचकाच्या दारात होती, आता लेखकाच्या दारात आली.

कोरोनाच्या पहिल्या लाटेत मोठ्या प्रकाशकांनी त्या विषाणूवरचे सगळे लेख मोफत खुले केले आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

लेखकाकडून पैसे घ्यायची रीत पडली तेव्हा तिच्या सावलीत एक अस्सल देशी धंदाही उभा राहिला. इतर कशाला, कुठल्याही प्राध्यापकाचा मोबाइल पाहावा: 'आंतरराष्ट्रीय जर्नल, चार दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह, फक्त पंधराशे रुपये.' पदोन्नतीला गुण हवेत, गुणांना पेपर हवेत, आणि कृषी विद्यापीठांत तर राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी पत्राला देते ते 'नास' रेटिंगही पाहतात. मागणी अशी असल्यावर पुरवठा होणारच. २०१५ च्या एका अभ्यासानुसार अशा भक्षक नियतकालिकांत २०१० साली ५३ हजार लेख आले होते, २०१४ मध्ये ४ लाख २० हजार. लेखकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त भारतातले. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये फसवणुकीबद्दल ५ कोटी डॉलरहून जास्त दंड केला.

हे ओळखून दाखवण्याचं काम पुण्यात झालं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 'मान्यताप्राप्त' यादीतल्या एक हजारावर नियतकालिकांची तपासणी केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत घुसलेल्या या पत्रांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त दर्जाहीन निघाली. २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावं काढून टाकली आणि पुण्याच्याच मदतीने 'यूजीसी-केअर' यादी आणली. ती तरी टिकावी! फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि कुठलं पत्र चांगलं हे विद्यापीठांनीच ठरवावं असं सांगितलं. ज्या विद्यापीठांच्या शिफारशींतून हा घोळ झाला त्यांच्याच हाती पुन्हा चाव्या दिल्या, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

पैसे ना वाचकाकडून ना लेखकाकडून घेता नियतकालिक चालवता येतं का? मुंबईत हे चालवून दाखवलं गेलं आहे. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघतं. बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांनी या पत्राला या शतकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर आणलं, तेही पूर्ण मोफत. छापील अंकाची वर्गणी आणि जाहिराती यांवर खर्च भागवायचा, लेखकाला शुल्क नाही, वाचकाला कुलूप नाही. फुकट ठेवलं तर वर्गणी बुडेल, ही भीती फोल ठरली. उलट जुने लेखही जगभर वाचले जाऊ लागले, त्यांचा उल्लेख होऊ लागला. साहू आणि केईएममधल्या सहकाऱ्यांनी त्याची आकडेवारीच २००५ मध्ये मांडली. साहूंच्या 'मेडनो' या प्रकाशनाकडे मग देशभरातल्या वैद्यकीय संघटनांची पत्रं आली. गल्लीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला जगातली सगळी पत्रं नसली तरी निदान भारतीय पत्रं एका क्लिकवर मिळू लागली. २०११ च्या अखेरीस मेडनो वोल्टर्स क्लुवर या नेदरलँड्सच्या बलाढ्य कंपनीने विकत घेतलं. चांगलं चाललेलं विकत घ्यायला गिऱ्हाईक येतंच.

दक्षिण अमेरिकेने यावर सरकारी उत्तर काढलं. ब्राझीलने १९९७-९८ मध्ये 'सायलो' हे सार्वजनिक व्यासपीठ उभारलं, विद्यापीठांची पत्रं त्यावर फुकट चढवली, आणि आज त्या खंडातली शेकडो पत्रं कुणालाही विकली न जाता तिथे उभी आहेत. आपल्याकडेही साधनं नाहीत असं नाही. शोधगंगेवर पाच लाखांहून जास्त प्रबंध खुले आहेत. कृषीकोश भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. जुन्या तुरीच्या चाचण्यांची जी आकडेवारी कुठल्याच पत्रात आली नाही ती तिथे सापडते. आयसीएआरची स्वतःची 'इंडियन जर्नल ऑफ अॅग्रिकल्चरल सायन्सेस'सारखी पत्रं मोफत वाचता येतात. फक्त गुणांच्या तराजूत परदेशी पत्र जड पडतं. म्हणून चांगला पेपर बाहेर जातो आणि उरलेला घरी येतो.

शेतकऱ्याला यातलं काही थेट लागत नाही, असं कुणी म्हणेल. त्याला परभणीचं 'शेतीभाती' मासिक आहे, कृषी दैनंदिनी आहे, मेळावा आहे. बरोबर. पण त्या दैनंदिनीतली फवारणीची शिफारस लिहिणाऱ्याने कुठलं तरी संशोधन वाचलेलं असावं लागतं. तुरीच्या मर रोगाची बुरशी प्रत्येक भागात सारखी नसते, तिचे प्रकार असतात. कोळी आणि विषाणू यांचंही तसंच. पलीकडे कलबुर्गीला काय सापडलं हे बदनापूरला वेळेवर कळलं नाही, तर इकडे वांझ रोगाला दाद न देणारी म्हणून लावलेली तूर तिकडून आलेल्या नव्या प्रकारापुढे टिकेलच असं नाही.

दिल्लीचा 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चा करार ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. पुढच्या कराराला प्रकाशक आजच्याच भावाने बसतील असं मानायला त्यांच्या इतिहासात तरी आधार नाही, आणि ६,००० कोटी देऊन घेतलं आहे ते वाचण्याचं भाडं. पण ज्याला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही असंही एक काम आहे. आयसीएआरने सप्टेंबर २०१३ मध्येच खुल्या प्रकाशनाचं धोरण जाहीर केलं: पेपर स्वीकारला गेला की त्याची अंतिम लेखकप्रत संस्थेच्या भांडारात ठेवायची, प्रकाशकाची मुदत असेल तर फार तर बारा महिन्यांनी खुली करायची. बहुतेक मोठे प्रकाशकही लेखकप्रतीला अशी परवानगी देतात. कॉपीराइटच्या त्या फॉर्मवर ते बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. त्यासाठी लेखकाकडे पाहिजे ती स्वतःची वर्ड फाइल, आणि विद्यापीठाकडे ती चढवून घेणारा एक ग्रंथपाल. मराठवाड्यातल्या तुरीवर गेल्या दहा वर्षांत छापून आलेला प्रत्येक पेपर अशा एका जागी आणायला निविदा काढावी लागणार नाही.